गुणाबाईने मखमल उपटली

त्या राज्यात सगळी प्रजा चरणारी होती, आणि आपल्या अंगणातले गवत कोणी खात नसे. अंगणात दूरदेशीचे मखमल-गवत लावायचे, आपला घसा कोरडा ठेवून त्याला पाणी पाजायचे, आणि मग बाजारातला वाळका कडबा दार लावून चावत बसायचे, याला तिथे सुसंस्कृतपणा म्हणत. मखमलीला चव नव्हती आणि तिच्याकडे एक किडाही फिरकत नसे. तीच तिची थोरवी.

गुणाबाई शेळी जन्मभर या रीतीने वागली. पण म्हातारपणी दात पडले आणि कडबा काही चाववेना. भुकेपुढे तिचा सुसंस्कृतपणा फार टिकला नाही. तिने शिंगांनी मखमल उलटवली आणि ओढ्याकाठच्या रानातून अंबाडी, कुर्डू, टाकळा, घोळ आणून लावली. त्याच मातीतली ती झाडे. कोणाची मनधरणी न करता वाढली. मागोमाग मधमाश्या आल्या, फुलपाखरे आली. पत्ता त्यांना कोणी दिला, कळले नाही.

शेजारची शेवंता मेंढी कुंपणावरून म्हणाली, "अगं बाई, दारात कोणी खायचं लावतं का? लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या तोंडात कडबा आहे. ते म्हणेपर्यंत माझं जेवण होईल."

लोक मात्र लगेच म्हणाले. वसाहतीचे अध्यक्ष दिगंबरराव रेडा, चिटणीस कपिलाताई गाय आणि सभासद मंडळी पाहणीला आली.

"गुणाबाई, काय हे रान माजवलंय! वसाहतीची अब्रू गेली," दिगंबरराव म्हणाले.

"अब्रू सावकाश शोधा, पण घोळीवर पाय नका देऊ. उद्याचं जेवण आहे माझं."

"उद्या हे सगळं उपटून पुन्हा मखमल लागेल. संध्याकाळी सभेत ठराव करतो."

गुणाबाईने मनात हिशेब केला. मखमल म्हणजे पुन्हा कडबा, आणि कडबा म्हणजे उपासमार.

पाहणी कसून झाली. दिगंबररावांनी सर्वांना आभाळातल्या ढगांकडे बघायला लावले आणि स्वतः खाली बघत राहिले. कपिलाताई कुंपण तपासायला एकट्याच मागे गेल्या, त्यांना बराच वेळ लागला. मग प्रत्येक सभासदाला एकेक कोपरा एकट्यानेच पाहावासा वाटला. मंडळी गेल्यावर गुणाबाईला कुर्डू जरा बुटका दिसला. तुडवला असेल, असे म्हणून ती सभेला निघाली.

सभेच्या मैदानात राज्यातली सर्वांत दाट मखमल होती. दिगंबरराव उभे राहिले. "ज्यांना गुणाबाईचं अंगण उपटावं असं वाटतं, त्यांनी मोठ्याने 'हो' म्हणावं."

कोणी बोलेना. गुणाबाईने भीतभीत मान वर केली. सभासदांचे गाल फुगले होते, जबडे हलत होते. पोटात गेलेले वर आले होते, आणि कित्येक वर्षांत प्रथमच ते घाईने गिळून टाकावेसे कोणाला वाटत नव्हते.

"कपिलाताई, बोला की!" दिगंबरराव कडाडले.

कपिलाताईंनी डोळे मिटून नुसती मान डोलावली. ती कशासाठी, हे त्यांनाही ठाऊक नसावे.

"अहो, मग निदान मी तरी..." म्हणत दिगंबररावांनी तोंड उघडले आणि लगबगीने मिटले. हनुवटीवरून हिरवा रस ओघळला. मग त्यांचाही जबडा सावकाश डावी-उजवीकडे फिरू लागला, डोळे अर्धवट मिटले, आणि पुढचा खूर आपोआप समोरची मखमल खरवडू लागला. खड्डा फार मोठा नव्हता. एका रोपाला पुरेल एवढाच.