बोरूचं टोक

पोथ्या हाताने लिहिल्या जात, त्या काळची गोष्ट. एका मठात दर श्रावणात महिनाभरात नवी पोथी लिहून पुरी करायची रीत होती. त्या वर्षी हे काम एका लांबसडक बोरूकडे आलं.

बोरू रोज सकाळी चाकूला म्हणे, "दादा, टोक अजून मनासारखं नाही. जरा तास." चाकू तासून देई.

"अरे, एकदा शाईत बुडून तर बघ," दौत म्हणे.

"पहिली ओळ मोत्यासारखी यायला हवी, मावशी," असं म्हणून बोरू पुन्हा चाकूकडे वळे.

अर्धा श्रावण गेला. एके सकाळी चाकू म्हणाला, "असंच रोज तासत राहिलो तर धरायला काही उरायचं नाही."

बोरूने स्वतःकडे पाहिलं. तो बोटाएवढा राहिला होता. तो तसाच दौतीत उतरला. पहिली ओळ वाकडी आली. त्याने दौतीकडे पाहिलं.

"मग दुसरी लिही," ती म्हणाली.

तो लिहीत राहिला, कधी पानभर, कधी चारच ओळी. पोळ्याच्या दिवशी श्रावण संपत आला, तेव्हा तो शेवटच्या पानावर होता. टोक पार बोथट झालं होतं, अक्षर मात्र वळणदार येत होतं.

"तासू का रे?" चाकूने विचारलं.

"नको दादा," बोरू म्हणाला. "ओळ अर्धी आहे."