दणदणीवरचा गंज

शंखगडच्या बल्लाळराजांच्या पांढऱ्याशुभ्र सुरवारीवर, नेमका मागच्या बाजूला, तांबडा गरगरीत डाग पडला होता, आणि सांगायची छाती कोणाची होईना!

राजे तसेच ऐटीत दरबारभर फिरले. दिवाणजींनी छताकडे पाहिलं. सेनापतींना अचानक खोकला आला. शेवटी महालात गेल्यावर राणीसाहेबच म्हणाल्या, "अगबाई, मावळता सूर्य बरोबरच घेऊन आलात की!"

राजांनी मान वळवली, आरशात पाहिलं, आणि मग गड हादरेल अशी आरोळी ठोकली, "दणदणी!"

दणदणी म्हणजे बुरुजावरची लोखंडी तोफ, राजांच्या आजोबांच्या वेळची. रोज संध्याकाळी तिच्यावर बसून समुद्र पाहायचा आणि मिशीला पीळ द्यायचा, हा राजांचा नेम. साठी उलटली तरी मिशी काजळासारखी काळी! तोफेचं मात्र तसं नव्हतं. खारा वारा काय, राजाची तोफ म्हणून सोडतो? गंजून गंजून ती विटेसारखी झाली होती.

तोफेची राखण सुभानजी गोलंदाजाकडे. त्याला बोलावणं गेलं.

"सुभानजी, खंडेनवमीला आम्ही पांढऱ्या पोशाखात दणदणीवर बसणार. तोवर गंज घालव!"

"जी महाराज! आजच विटेच्या भुकटीनं घासून…"

"घासून? खबरदार! आजोबांचं लोखंड आहे ते. कणभर जरी कमी झालं, तरी चोर म्हणून धरीन!"

"पण महाराज, गंज काढायचा म्हणजे…"

"गंजही आजोबांच्याच लोखंडाचा! तो जाता कामा नये."

"मग तेल चोपडून ठेवू?"

"आणि आमची सुरवार तेलकट करू? वरून काही झाकायचंही नाही. गंज दिसायला नको, आणि गंज जायलाही नको! जमत नसेल तर गड उतर. दिवाणजींचे मेहुणे त्या जागेसाठी केव्हाचे टपलेत."

हे मेहुणे म्हणजे बाजीबा. लग्नात ताशा वाजला तरी कानात बोटं घालणारा माणूस, आणि तोफ सांभाळणार!

सुभानजी घरी येऊन उंबऱ्यावरच बसला. त्याची सून भिवरा मोठी तरतरीत. सासऱ्याचा चेहरा पाहूनच तिनं ओळखलं.

"मामंजी, आजारी तोफ आहे की तुम्ही?"

"पोरी, भांडी बांधायला घे. पिढ्यान्‌पिढ्यांचं घर सुटलं आपलं!"

त्यानं सगळं सांगितलं. भिवरा उठली, पण पहिल्याच भांड्यापाशी अडली. सासऱ्याची पिकली मिशी काळी करायला आवळकाठी, म्हणजे वाळवलेला आवळा, लोखंडी कढईत उकळून ठेवली होती. कढईच्या गंजलेल्या कडेवर त्या काढ्याचा ओघळ सुकला होता. ओघळ गेला तिथला गंज काळाभोर, शेजारचा तांबडा. तिनं दोन्हींवरून पदर फिरवला. तांबड्यानं पदर माखला. काळ्याचं काही लागलं नाही!

"मामंजी, भांडी राहू द्या. पोतंभर आवळकाठी नि हिरडा आणा!"

"अगं, तोफेला काय मिशा फुटल्यात?"

"फुटल्या नाहीत, पिकल्यात!"

दुसऱ्या दिवशी बुरुजावर चूल पेटली. दिवाणजींनी बाजीबाला पहाऱ्यावर धाडलं.

"घासलंस की ओरडेन हं!" बाजीबानं दरडावलं.

"ओरडा की! पण आधी कानात बोटं घाला, नाहीतर स्वतःच्याच आवाजाला दचकाल."

भिवरानं तोफेखाली जुनं लुगडं अंथरलं. कापसाच्या बोळ्यानं काढा लावायचा, वाळू द्यायचा, पुन्हा लावायचा. खाली गंजाची पूड पडलीच, तर ती काढ्यात कालवून परत तोफेलाच! हळूहळू दणदणी काळी पडली. मग तिनं उकळलेल्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवला.

"तेल! तेल! राजांची मनाई आहे!" बाजीबा नाचायला लागला.

"मनाई तेलकट सुरवारीची आहे. हे तेल उन्हात वाळून जातं. चार दिवसांनी हात फिरवून बघा, मग नाचा!"

खंडेनवमी उजाडली. झेंडूच्या माळा घातलेली काळीशार तोफ उन्हात तुकतुकत होती. राजे आले, बसले, चांगले हलून डुलून बसले. मग उठले. आज छताकडे कोणी पाहिलं नाही. सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी! राणीसाहेबांनी मागून एक फेरी मारली.

"आज सूर्य नाही. पुनवेचा चंद्र आहे, स्वच्छ!"

"हिनं घासलीच असणार!" दिवाणजी ओरडले.

"नाही हो दाजी!" बाजीबाच्या तोंडून खरं निघून गेलं. "उलट पडलेली पूडसुद्धा परत लावली. तेलही वाळलंय, मी हात फिरवून पाहिला."

राजांनी भुवई उंचावली. "मग पोरी, आजोबांचा गंज गेला कुठे?"

"कुठंच नाही, महाराज. आपला ऐवज जागच्या जागी आहे. लोखंड खाणाऱ्या चोराला हाकललं नाही, त्यालाच पहाऱ्यावर बसवलं!"

"असं कसं? आहे म्हणतेस, मग दिसत का नाही?"

"अभय असेल तर सांगते."

"दिलं!"

भिवरानं पदर सावरला. "महाराजांच्या मिशीतले पिकले केस कसे, आहेत पण दिसत नाहीत? तसंच हे!"

सुभानजीनं डोळे मिटले. सेनापतींना पुन्हा खोकला आला. दिवाणजी छत शोधायला लागले, पण बुरुजावर कुठलं छत? आभाळाकडेच पाहत राहिले.

पहिल्यांदा राणीसाहेबांना हसू फुटलं. राजांचा हात मिशीवर गेला, तिथं थबकला, आणि ते असे गडगडाटून हसले की खडकावरचे पक्षी उडाले, अन् बाजीबाची बोटं कानात गेली!

"तोफेची राखण कायमची सुभानजीच्या घराण्याकडे! आणि या पोरीला सोन्याच्या पाटल्या!"

सुभानजीनं वाकून मुजरा केला. लोक पांगायला लागले, तसं राजांनी भिवराला खुणेनं जवळ बोलावलं आणि इकडेतिकडे पाहत हळूच विचारलं, "काय गं, ते जवसाचं तेल मिशीलाही चालेल का? उशीचे अभ्रे फार खराब होतात!"