राहून गेलेला टोला

त्या राज्यात कुणाचा कुणाच्या शब्दावर विश्वास उरला नव्हता. अपवाद होता तो एका माळाचा. तिथे वर्षातून एकदा प्राणी काठीच्या टोल्यांनी सागरगोटा, म्हणजे काटेरी वेलीची टणक बी, ढकलत टेकडीवरच्या बिळात घालत. टोले कमी लागतील तो जिंकला. बरोबरी झाली तर आधी पोचलेला. पंच नव्हता. आपले टोले आपणच मोजायचे, आपला गोटा नुसता सरकला तरी एक टोला आपणच वाढवून सांगायचा आणि दुसऱ्याच्या गोट्याला काही झाले तरी शिवायचे नाही, असा नियम म्हाताऱ्या सशाने घालून दिला होता. बिळाभोवतीचे गवतही तोच कुरतडून सपाट ठेवी.

खेळाला यजमान लागे, कारण खेळापेक्षा मेजवानीलाच गर्दी जास्त. आधी माळावरच्या फलकावर यजमान म्हणून हत्तीचे नाव होते. हत्ती कंटाळला, मग अस्वलाचे आले. अस्वलाने हात आखडता घेतला तेव्हा मगर पुढे झाली. तिने सशाला एवढेच सांगितले, "कोल्हा जिंकला तर पुढच्या वर्षी येईन." कोल्हा गर्दीचा लाडका होता. आणि मगर आली नाही तर खेळ बंद पडून माळ रानडुकरांच्या घशात जाणार, हे सशाला पक्के ठाऊक होते.

घोरपड आपला खेळ संपवून बसली होती. कोल्ह्याचा गोटा बिळापासून वीतभर अंतरावर होता. एका टोल्यात आत गेला की कोल्हा जिंकला. एक वाढला की घोरपड. कोल्ह्याने गोट्यामागे काठी टेकवली आणि गोटा जेमतेम तिळाएवढा सरकला. ते त्याने आणि बिळाशी उभ्या असलेल्या सशानेच पाहिले.

"आजोबा, हलला ना?" कोल्ह्याने हळूच विचारले.

"वारा होता," ससा घाईघाईने म्हणाला.

बिळात खुणेसाठी रोवलेला झेंडा आपल्या काठीला चिकटून लोंबत होता.

"कुठला वारा?"

"अरे, माझा माळ जाईल रे! गप मार टोला." आपण काय बोललो याची सशाला लाज वाटली, पण त्याने शब्द मागे घेतला नाही.

कोल्ह्याने खाली गोट्याकडे पाहिले. समोर मगर जबडा उघडून बसली होती. मग त्याने मान वर केली. "माझा एक वाढवा!"

मगर उठली. मेजवानीची पाने उचलली गेली, पानांमागे गर्दी गेली, आणि शेवटचा टोला मारायचा राहूनच गेला. आता खेळ नदीकाठी होतो. तिथे कावळ्यांचा अख्खा थवा पंच म्हणून बसतो. कोल्ह्याला तिथे बोलावणे नसते.

रानडुकरांनी माळ उकरत उकरत टेकडीचा पायथा गाठला. ससा मात्र रोज वर जाऊन बिळाभोवतीचे गवत कुरतडी. एका सकाळी कोल्ह्याच्या गोट्याला तडा गेलेला दिसला. आतून काटेरी कोंब वर आला होता. तो वाढला की बीळ झाकून टाकणार, हे सशाला बघताक्षणी कळले. त्या जागी उगवलेले काहीही त्याने आजवर दाताखालून सोडले नव्हते. त्याने तोंड उघडले. इकडेतिकडे पाहिले. माळावर कुणीच नव्हते.

कोंबाला न शिवता सशाने चहूबाजूचे गवत जपून कुरतडले आणि तो पुढे सरकला.