धाकू नाईकाचा दरवाजा

खडपकोटात आज मुलं झोपाळ्यावर झुलतात, तिथे एके काळी तोफा होत्या. ही गोष्ट तेव्हाची. किती वर्षं झाली ते विचारू नका, मोजणारे कधीच गेले.

किल्ल्याच्या दरवाजावर धाकू नाईक असे. किनाऱ्यावरच्या वाडीतलं झाडून सगळं माणूस त्याच्या ओळखीचं होतं, असं म्हणतात.

एका संध्याकाळी शत्रूची गलबतं दिसली. शिंग वाजलं, वाडी किल्ल्यात धावली. किल्लेदाराने हुकूम दिला, "दरवाजा लावा!"

धाकूने आत आलेल्यांवर नजर फिरवली आणि तो किल्लेदाराकडे वळला.

"सरकार, चांगुणा म्हातारी ऱ्हायली. कान गेलेत तिचे, शिंग ऐकू आलं नसंल."

"एका म्हातारीपायी सगळ्यांचा जीव घालवू?"

"नको. लावा दरवाजा. पन आदी मला भायर जाऊ द्या."

धाकू बाहेर पडला. मागे अडसर बसला. चांगुणा वाळूवर सुकट गोळा करत होती. त्याने तिला पाठीवर घेतलं आणि तो धावत दरवाजाशी आला. त्याने दार ठोठावलं. शत्रू वाळूवर उतरला होता. आतल्या प्रत्येकाने ती थाप ऐकली, पण अडसराला कुणी हात लावला नाही. मला त्या माणसांचा राग येतो. पण आत लेकरं होती, हेही खरंच.

थाप थांबली. मग समुद्र असा खवळला, की गलबतं खडकावर आपटून फुटली, असं म्हणतात. दरवाजा उघडला तेव्हा बाहेर ना धाकू होता, ना म्हातारी.

त्यानंतर दरवाजा लावला, की बाहेरून थाप पडे. उघडला, की कुणीच नसे. किल्लेदाराची झोप उडाली. शेवटी त्याने दोन्ही फळ्या उतरवून समुद्रात सोडल्या. बिनदरवाजाच्या त्या किल्ल्यावर पुन्हा कुणी चालून आलं नाही, असं म्हणतात.

पुढे शिबंदी गेली, तोफा गंजल्या, नगरपालिकेने बाग केली. लोखंडी फाटकही बसवलं होतं. पहिल्याच संध्याकाळी थाप पडली. हसू नका, ते फाटक आठवड्यात काढलं.

दुसऱ्या बागांत दिवस मावळला, की रखवालदार शिट्टी फुंकून आतल्यांना बाहेर काढतो. खडपकोटात तो आधी कमानीत येतो, समुद्राकडे तोंड करतो आणि हाक देतो, "भायर कोन ऱ्हायलंय काय?"

उत्तर कधीच आलेलं नाही. तरी तो थांबतो, आणि तोवर बागेत कुणी बोलत नाही.