घरची फेरी

नजर जाईल तिथवर गवतच गवत, अशा एका माळरानावर एक सुतार राहायचा. त्याच गवतात मेंढरांमागे धावत तो लहानाचा मोठा झाला होता. गावातले लोक त्याला चिडवायचे, "माळावर औषधाला झाड नाही, आणि म्हणे सुतार!" तो मिशीतल्या मिशीत हसायचा. झाड नसलं तरी माळावर वारा होता. गावाकडून आणलेलं बाभळीचं लाकूड त्या वाऱ्यावर खडखडीत वाळवायचं आणि मगच त्याची गाडीची चाकं घडवायची, हा त्याचा शिरस्ता.

चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचं कडं, चढवायची असली की सगळं घर कामाला लागायचं. सुतारीण गोवऱ्यांचा जाळ करायची, लेक सगुणा लाल झालेल्या धावेवर पाणी ओतायची. आणि या घराची एक रीत होती. नवी गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी मायलेकी तीत बसायच्या, आणि सुतार ती गाडी खडकाळ उतारावरून हाकायचा. तिला ते 'घरची फेरी' म्हणायचे.

एकदा गावचा पाटील माळावर आला. सोबत ताज्या तोडीचं लाकूड.

"माझ्या लेकीची पाठवणी नव्या गाडीतून व्हायला हवी," तो म्हणाला. "वेळेत काम केलंस, तर वेशीजवळची विहिरीलगतची जागा तुझी."

"लाकूड ओलं हाय, पाटील. थांबावं लागंल."

"लग्न थांबतं होय रे?"

सुतारानं बायकोकडे पाहिलं. सुतारणीला लांबून डोक्यावर पाणी आणावं लागे. विहिरीलगतचं घर म्हणताच तिचेही डोळे चमकले होते. मोह कुणाला सुटलाय? त्यानं चाकं घडवली, धाव चढवली, वर रंगही दिला. गाडी अशी दिसत होती की पाहत राहावं.

पाठवणीच्या आदल्या दिवशी सुतारीण ठेवणीतलं लुगडं नेसून आली. "सगुणा, चढ गं वर!"

सुतारानं गाडीला हात आडवा लावला. "आज ऱ्हाऊ दे."

"का वो? आजवर कधी ऱ्हाऊ दिलं न्हाई ते?"

सुतारानं मान खाली घातली. "लाकूड आतनं ओलं हाय. उतारावर चाकानं दगा दिला तर?"

"आन् उद्या यात बसनार ती कुनाची लेक न्हाई व्हय?"

"वेशीची जागा हातची जाईल गं."

"जाऊ द्या. आजवर पानी वाहिलं, पुढंबी वाहीन."

सुतार तसाच उठला आणि पाटलाच्या दारात जाऊन उभा राहिला. "पाटील, त्या गाडीत मी माझी मानसं बसवू शकलो न्हाई. तुमची कशी बसवू?"

पाटील भडकला. नाही नाही ते बोलला. लेकीची पाठवणी मागून आणलेल्या जुन्या गाडीतून झाली, आणि वेशीची जागा दुसऱ्याला गेली. गावात सुताराचं हसं झालं. सुतारीण मात्र पूर्वीसारखीच ताठ मानेनं पाणी वाहत राहिली.

उन्हाळा आला. त्या गाडीचं काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं एक चाक वाऱ्यानं वाळून आकसलं, आणि एका दुपारी धाव आपोआप निसटून खणकन अंगणात पडली. पाणी भरायला गेलेल्या सगुणानं हे सांगितलं, तेव्हा ऐकणाऱ्या बायका म्हणाल्या, "पाटलाची लेक थोडक्यात वाचली गं!" गोष्ट गावभर झाली. चाकं नीट वाळल्यावर सुतारानं धाव कापून बेताची केली आणि पुन्हा घट्ट चढवून चाकं गाडीला बसवली.

पुढं पाटलाच्या लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची वेळ आली. पाटील स्वतः माळ चढून आला. गाडीकडे न बघता त्यानं आधी सुतारणीकडे बघितलं. "वहिनी, घरची फेरी झाली का या गाडीची?"

"आता करू की!" सुतारीण म्हणाली आणि लेकीला घेऊन वर चढली.

गाडी उतारावरून धडधडत निघाली. चाक तसूभर हललं नाही. पाटील टाळ्या वाजवत राहिला, आणि कासरा धरलेल्या सुताराची छाती अभिमानानं भरून आली. त्याला वेशीच्या जागेची आठवणसुद्धा झाली नाही. मागं वळून तो आपल्या बायकोकडे बघत होता.

तात्पर्य: ज्यात आपली माणसं बसवायला आपला जीव धजत नाही, ते दुसऱ्याच्या हवाली करू नये.