वर्तुळाची कड

“उद्या झेंडा माझ्या हातात देऊ नका, हे मी कुठल्या तोंडानं सांगू, वस्ताद?”

दस्तगीर वस्तादांनी वर पाहिलं नाही. ते थाळीफेकीचं वर्तुळ झाडत होते. सिमेंटवर बारीक खडा राहिला तर फिरणाऱ्याचा पाय सटकतो, म्हणून मिरजेजवळच्या त्या मैदानावर झाडू ते स्वतःच मारत. कुणाला हात लावू देत नसत.

“कसला झेंडा?” ते म्हणाले.

विचारणारा महावीर मगदूम. याच वर्तुळात वस्तादांच्या हाताखाली शिकून पुढं देशाकडून थाळी फेकलेला गडी, आणि आता नावाजलेला प्रशिक्षक. माणूस मोठा होता, आणि आपण मोठे आहोत याची त्याला कुणी आठवण करून द्यायची गरज नसे. एरवी गाडीतून उतरतानासुद्धा समोर फोटोवाला उभा असल्यासारखा उतरायचा. आज गाडीचं दार उघडं टाकून आला होता.

“राज्य स्पर्धेचा. वर्तुळाशी पंच म्हणून मला उभं केलंय. मानानं बोलावलंय. लाल आणि पांढरा, दोन्ही झेंडे माझ्याच हातात.”

“मग चांगलंच की.”

“उद्या आदगोंडा फेकणार आहे, वस्ताद.”

झाडू थांबला.

आदगोंडा महावीरचा शिष्य. महावीरनंच घडवलेला. महावीरचा राज्य विक्रम इतक्या वर्षांत कुणाला मोडता आला नव्हता, आणि या पठ्ठ्याची थाळी आता त्याच्या आसपास पडू लागली होती.

“आपल्याच पोराला झेंडा दावायचा? कुणी हरकत घेतली न्हाई?”

“कोण घेणार? सगळे म्हणतात, मगदूम सर सख्ख्या भावालाही सोडायचे नाहीत.”

“खरं हाय ते?”

महावीरनं नजर वर्तुळाच्या कडेकडं वळवली.

थाळी फेकताना पाय वर्तुळाच्या लोखंडी कडेवर किंवा बाहेर लागला की फेक बाद. लाल झेंडा. नाही लागला तर पांढरा. आणि पाय केसभर लागला की नाही, हे कडेशी उभ्या असलेल्या त्या एका माणसालाच दिसतं. त्यानं झेंडा उचलला की विषय संपला.

“भ्या कशाचं वाटतंय तुला?” वस्तादांनी विचारलं.

महावीरनं उजवा हात पुढं केला. तळवा रुंद, बोटांची पेरं कडक झालेली.

“याचं. मागच्या आठवड्यात सराव चालला होता. माझ्या विक्रमाच्या अंतरावर मी चुन्याची रेघ मारून ठेवलीय. पोरांना हुरूप यावा म्हणून.”

“पोरांना?”

महावीरनं मान खाली घातली. “आदगोंडाची थाळी त्या रेघेच्या पुढं पडली, वस्ताद. चांगली पुढं. आणि मी ओरडलो… फाऊल!”

“पाय लागला हुता?”

“नव्हता.”

“मग?”

“तोंडातनं निघून गेलं. मला कळायच्या आत. पोरगं येऊन माझ्या पाया पडलं. म्हणालं, चुकलो सर. तेव्हापासून पाय आखडून फेकतंय. कडेला भितंय. ज्या पायावर त्याची सगळी फेक, तो पाय मी मोडून ठेवला. आणि मी गप्प आहे.”

मैदानावर दुसरं कुणी नव्हतं. ऊन कलायला लागलं होतं. वस्तादांनी झाडू वर्तुळाभोवतीच्या जाळीला टेकवून ठेवला आणि खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं.

“उद्या तसंच झालं तर?” महावीर म्हणाला. “सरावात तोंड गेलं. उद्या हात गेला तर? ती थाळी पुन्हा आयुष्यात तिथं पडेल न पडेल. पोराचं वाटोळं होईल. आणि कुणाला कळणारही नाही, वस्ताद. कुणालाच नाही. मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.”

“झेंडा घ्यायला नगं म्हण.”

“का म्हणून विचारतील. काय सांगू? माझाच शिष्य मला बघवत नाही म्हणून?”

वस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. एवढा आडदांड माणूस घाबरलेला बघणं सोपं नसतं. घाबरलेलं लेकरू उचलून घेता येतं, याला काय करायचं?

“मला एकच सांगा,” महावीर म्हणाला. “मी तुमचा राज्य विक्रम मोडला, त्या दिवशी झेंडा तुमच्याच हातात होता. याच वर्तुळाशी. पंच कमी पडले म्हणून तुम्हाला उभं केलं होतं. तुम्हाला नव्हती भीती वाटली?”

“वाटली की. घाम फुटला हुता.”

महावीरला जरा धीर आला. “तरी पांढरा उचललात. हात हलला नाही तुमचा. मी आजवर पोरांना सांगत आलोय, गुरू असावा तर असा. कसं जमलं ते? मला तेवढं शिकवा. लगेच जातो.”

वस्तादांनी चपला काढल्या.

“तितं कडेशी ऱ्हा उभा,” ते म्हणाले. “झेंडं हातात हायती असं समज. उजव्यात पांढरा, डाव्यात लाल.”

“वस्ताद, आता या वयात…”

“उभा ऱ्हा म्हटलं न्हवं!”

जाळीपाशी थाळ्या पडल्या होत्या. त्यातली एक त्यांनी उचलली, पंच्यानं पुसली आणि अनवाणी वर्तुळात उतरले. गुडघे कुरकुरत होते. महावीर कडेशी उभा राहिला, आणि त्याच्याही नकळत सावधान झाला.

म्हाताऱ्यानं हात मागं नेला. पुढं आणला. पुन्हा मागं नेला. मग अंगात काही वारं शिरावं तसा गर्रकन एक फेरा घेतला आणि थाळी सोडली.

थाळी सपाट गेली. कुणाला वाटलं नसतं एवढी लांब गेली आणि गवतात पडली.

महावीरचा उजवा हात झपकन वर गेला. चेहरा उजळला होता.

“पांढरा!” तो म्हणाला.

वस्ताद जाग्यावरच उभे होते. धापा टाकत होते.

“माझा पाय कुठं हुता?”

“आत, वस्ताद.”

“बघितलास? खाली बघ.”

महावीरनं खाली पाहिलं. वस्तादांचा उजवा पाय कडेच्या पलीकडं होता. पुरता पलीकडं, मऊ मातीत. त्यांनी पाय मागं घेतला, तेव्हा मातीत पाची बोटं उमटलेली दिसली.

“मी…” महावीर चाचरला. “मी थाळीकडं बघत होतो.”

“का रं?”

“तुमची थाळी लांब जावी असं वाटत होतं.”

वस्ताद कडेवर बसले. धाप ओसरू दिली. मग पायाची माती पुसत म्हणाले,

“मीबी.”

“काय?”

“त्या दिवशी मीबी थाळीकडंच बघत हुतो.”

महावीरला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“तुम्हालाही माझी थाळी लांब जावी…”

“न्हाई.” वस्तादांनी त्याला पुढं बोलू दिलं नाही. “जवळ पडावी म्हणून बघत हुतो. नजर लावून बघत हुतो. माज्या खुणंच्या आत पड, आत पड, असं म्हणत हुतो. ती गेली पुढं. मग माजी मलाच लाज वाटली. लाजंपायी पांढरा उचलला.”

“आणि माझा पाय? वस्ताद, माझा पाय आत होता ना?”

“मला म्हाईत न्हाई.”

महावीरनं पायाखालच्या कडेकडं पाहिलं. त्या एका फेकीवर तो राज्याच्या संघात गेला होता. तिथून देशाच्या. नोकरी, घर, भिंतीवरचे फोटो, पोरं ज्या नावानं हाक मारतात ते नावसुद्धा, सगळं त्या फेकीतून आलं होतं. दुपारी घरून निघताना त्याला एका हाताची भीती होती. आता त्याला कशाकशाची भीती वाटावी हेच कळेना.

“दुसरं कोण होतं कडेला? कुणी तरी पाहिलं असेल.”

“मी एकटाच.”

“मला तर… मलाही आठवत नाही. मी तर वर बघत होतो.”

“सगळंच वर बघत हुतं.”

महावीर गुडघ्यावर आला आणि लोखंडी कडेवरून बोटं फिरवू लागला. तिथं काय सापडणार होतं? दर मोसमाला कडेला नवा रंग लागत आला होता. तरी तो चाचपत राहिला.

“इतकी वर्षं का नाही बोललात?” तो ओरडला. रागापेक्षा त्यात रडूच जास्त होतं. “आज का सांगितलंत? आजच का?”

वस्ताद उठले. झाडू घेतला आणि मातीतला स्वतःच्या पायाचा ठसा सावकाश झाडून सारखा केला. गावातून मशिदीची बांग ऐकू आली. त्यांनी पंचा डोक्याला गुंडाळला, चपला पायात सरकवल्या आणि चालू लागले.

महावीर धावत त्यांच्या आडवा गेला. त्याचे हात जोडलेले होते.

“एवढं तरी सांगून जा, वस्ताद. माझा विक्रम खरा का खोटा?”

वस्ताद थांबले. त्यांनी महावीरचा तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, जरा वेळ धरला आणि सोडला.

“उद्या पायाकडं बघून तू झेंडा उचललास, की कळंल.”