दोन छपरांमधली पन्हळ

सह्याद्रीच्या पायथ्याला एक गाव होते. तिथे पाऊस एकदा लागला की चार महिने हटत नसे. नदीला पूर आला की पलीकडच्या मोठ्या गावाशी संबंध तुटे, आणि आजारी माणसाचे, अडलेल्या बाईचे गावातच काय होईल ते होई. अशा वेळी सारे गाव एकाच दाराशी धावे. ते दार येसूआत्या सुईणीचे.

येसूआत्यांच्या हाताला यश होते. पण घरांच्या छपरांवर त्यांचा काय इलाज चालणार? गेल्या श्रावणात गुरवाची रखमा बाळंत झाली. बाळ ठणठणीत जन्माला आले. घर मात्र सगळीकडून गळत होते. आत्यांनी खाट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढली, स्वतःचे लुगडे फाडून बाळाला गुंडाळले, शेगडी विझू दिली नाही. तरी बाळ गारठले ते गारठलेच. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्या दिवसापासून आत्या भेटेल त्या माणसाला एकच सांगू लागल्या, “गावात बाळंतिणींसाठी एक कोरडं घर हवं. बाकी काही नको. कोरडं हवं.”

हे नरहरशेठच्या कानावर गेले. शेठ गावातले सर्वांत मोठे व्यापारी. ते म्हणाले, “मी बांधून देतो.” गावाला आनंद झाला. आत्यांनी तर शेठच्या दारात जाऊन त्यांना तोंडभर आशीर्वाद दिला.

घर भराभर उभे राहिले. ते चांगले रुंद होते, म्हणून त्यावर शेजारी शेजारी दोन छपरे घातली होती. पुढे देखणी पडवी होती. पडवीवर तांब्याचा पत्रा ठोकला होता. उन्हात तो असा लखलखे की रस्त्याने जाणारा माणूस थांबून बघे. दारावर शेठचे नाव कोरले होते, तेही तांब्यातच.

चैत्र संपत आला तेव्हा येसूआत्या खाटा कुठे मांडायच्या ते ठरवायला आत गेल्या. मधली खोली त्यांना आवडली. दोन्ही बाजूंनी बंद, वाऱ्यापासून दूर. त्यांनी सवयीने वर पाहिले. बरोबर त्या खोलीच्या डोक्यावर दोन्ही छपरे एकमेकांकडे उतरत होती. बाबाजी तांबट वर काम करत बसला होता.

“बाबाजी, या दोन्ही छपरांचं पाणी कुठं जाणार रे?”

“इथंच, आत्या. मधे पेटीसारखी पन्हळ बसवलीय. दोन्हीकडचं पाणी तिच्यात पडेल आणि मागच्या बाजूनं बाहेर जाईल.”

“बघू तरी कशी आहे.”

बाबाजीने उरलेला एक तुकडा खाली दिला. आत्यांनी तो हातात घेतला आणि अंगठ्याने दाबला. पत्रा आत गेला. पुन्हा दाबला, त्याला चीर पडली.

“हे काय आहे?” आत्यांचा आवाज चढला.

बाबाजी मान खाली घालून शिडीवरून उतरला. “हा हलका पत्रा शेठनीच पसंत केलाय. मी म्हटलं होतं, दोन छपरांचं पाणी एका पन्हळीत येणार, ती खोल हवी, रुंद हवी, जाड हवी. पालापाचोळा अडकला तर पाणी काठावरून आत यायचं. तांबं इथं वापरू, पडवीला कौलं चालतील. तर शेठ म्हणाले, पन्हळ वर बघायला कोण जाणार आहे? पडवी सगळ्यांना दिसते.”

“मग तू गप्प बसलास?”

“काय करू, आत्या? देणारे ते, घेणारे आपण.”

“छप्पर द्यायचं कबूल केलंय ना त्यांनी? मग छप्पर देऊ दे. भोकं कशाला देतायत?”

तो तुकडा हातात घेऊन आत्या तशाच नरहरशेठकडे गेल्या. शेठ झोपाळ्यावर बसून पान लावत होते. आत्यांनी तुकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगायचे ते सांगितले. शेठचा चेहरा उतरला नाही. तो लाल झाला.

“येसूआत्या, पदरचं घालून घर बांधतोय मी. वर बोलणीही मीच खायची का?”

“बोलणी नाहीत, शेठ. पन्हळ बदला एवढंच मागणं आहे.”

“अक्षय तृतीयेला उद्घाटन ठरलंय. बाहेरगावची मोठी माणसं येणार आहेत. आता पडवीचं तांबं काढून तिथं कौलं घालू? लोक काय म्हणतील? तुम्ही त्या दिवशी सकाळी या, दिवा लावा, मानाचं लुगडं घ्या आणि गावाला सांगा, घर चांगलं आहे म्हणून. तुमचा शब्द बायका मानतात.”

“लुगडं राहू द्या,” आत्या म्हणाल्या आणि उठल्या.

गोष्ट गावभर झाली. सगळे आत्यांनाच समजावू लागले. पाटील म्हणाले, “शेठ चिडले तर आहे तेही घर जाईल. थोडं गळेल, भांडं लावू.” शेजारीण म्हणाली, “फुकट मिळतंय त्याला नावं ठेवू नयेत, आत्या.” एक जण तर म्हणाला, “म्हातारीला मान थोडा कमी पडला असेल, दुसरं काय!”

हे ऐकून आत्यांच्या अंगाची लाही लाही झाली. फुकट? भांडं लावू? ज्याच्या अंगावर पाणी पडणार त्याला कुणी विचारले होते का? पण घरी आल्यावर त्यांचे मनही डळमळले. खरेच घर गेले तर? गळके का होईना, चार भिंती तरी आहेत. एक शब्द बोलायचा, दिवा लावायचा, की सगळे खूश. त्या बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिल्या. समोरून रखमा घागर घेऊन चालली होती. तिने आत्यांकडे पाहिले आणि ती पुढे गेली. आत्यांना वाटले, आपण खोटे बोललो तर ही बाई पुढच्या खेपेला आपल्या शब्दावर त्या खोलीत येऊन निजेल. मग मात्र त्यांचे मन हलले नाही.

अक्षय तृतीयेला पडवी फुलांनी सजली. पाहुणे आले. सनई झाली, भाषणे झाली. शेठनी येसूआत्यांना पुढे बोलावले आणि समईजवळ उभे केले.

आत्यांनी काडी ओढली नाही. त्या लोकांकडे वळल्या.

“दिवा लावते. पण त्याआधी एक करायचं आहे. मधल्या खोलीत मी खाट मांडलीय. बायांनो, विहिरीवरून घागरी भरून आणा. बाबाजी, तू छपरावर चढ. आपण दोन्ही छपरांवर पाणी ओतू. आणि शेठ, तुम्ही त्या खाटेवर निजा.”

शेठना आधी वाटले आत्या थट्टा करतायत.

“मी? कशाला?”

“घर चांगलं आहे असं तुम्ही मला सांगायला लावताय. मी सांगण्यापेक्षा तुम्हीच दाखवा. निजा.”

बायकांतून पहिली रखमा उठली आणि घागर घ्यायला गेली. तिच्या मागे दुसरी उठली, मग तिसरी. बघता बघता अंगणात भरलेल्या घागरी ओळीने उभ्या राहिल्या. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

शेठ मागे सरकले. “आत्या, हे काय चालवलंय? माझ्या अंगात तापाची कसर आहे. भिजलो तर आठ दिवस उठायचा नाही.”

“म्हणजे भिजाल हे तुम्हाला ठाऊक आहे!” आत्या कडाडल्या. “शेठ, तुमच्या अंगात कसर आहे, तर बाळंतिणीच्या अंगात काय आहे? कालच्या रात्री जन्मलेल्या पोराच्या अंगात काय आहे? तुम्ही उठून घरी जाल, कपडे बदलाल, काढा प्याल. तिनं कुठं जायचं? बाहेर पूर, आत पाऊस! ज्या खाटेवर तुम्ही घटकाभर निजायला तयार नाही, तिच्यावर आमच्या लेकींना निजवायला निघालात? आणि वर मला म्हणताय, दिवा लाव?”

शेठची बायको बायकांत बसली होती. ती शांतपणे म्हणाली, “निजा की हो. पत्रा तुम्हीच पसंत केलात ना?”

एक घागरही ओतावी लागली नाही. शेठ खाटेकडे गेले नाहीत, आणि जे कळायचे ते सगळ्या गावाला कळले. पाटलांनी मान खाली घातली. भांडं लावू म्हणणारे तेच होते.

मग शेठनी बाबाजीला हाक मारली. “पडवीचं तांबं काढ. पन्हळ कर त्याची. खोल कर.” एवढे बोलून ते पाहुण्यांना घेऊन निघून गेले. त्या दिवशी दिवा लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. तरी माणसाची सवय लगेच कुठे जाते? बाबाजीने तांब्याचे खिळे मागितले, तर शेठ म्हणाले, “लोखंडी ठोक. आत कोण बघतंय?”

या वेळी बाबाजी गप्प बसला नाही. “शेठ, तांब्याला लोखंडी खिळा लावला की पावसात तो गंजून जातो आणि पन्हळ सुटते. मग या तांब्याचा उपयोग काय? मी ठोकणार नाही. दुसरा तांबट बघा.”

शेठनी दाराकडे पाहिले. दारात येसूआत्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. तांब्याचे खिळे आले.

पन्हळ बसली, तिला मागच्या बाजूला उतार दिला, पडवीवर साधी कौले चढली. रस्त्याने जाणारा माणूस आता त्या घराकडे बघायला थांबत नसे. आत्यांनी समई आतल्या खोलीत नेऊन लावली, कसलाही समारंभ न करता.

आषाढात पावसाने झोड उठवली. नदी दोन्ही काठ सोडून वाहू लागली. त्याच दिवसांत कोळ्यांची सून अडली. आत्यांनी तिला मधल्या खोलीत निजवले आणि दुपारी तिची सुखरूप सुटका झाली. छपरांवरून पाणी धो धो उतरत होते, पन्हळीतून घुमत मागे ओढ्याला जात होते. खोलीत शेणाने सारवलेली जमीन तशीच कोरडी होती. आई आणि लेक दोघी गाढ झोपल्या होत्या.

नरहरशेठ छत्री घेऊन चौकशीला आले. दारातूनच त्यांनी आत पाहिले, वर पाहिले, जमिनीकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, “काय येसूआत्या, आता तरी तुमचा राग गेला ना?”

आत्यांनी बाळाच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले.

“नाही गेला, शेठ. ठेवलाय जपून. गावात अजून शाळा बांधायची आहे.”

तात्पर्य: जिथे कुणाची नजर पोहोचणार नाही तिथे माणूस काय वापरतो, त्यावरून त्याची दानत कळते; आणि दुबळ्यांच्या डोक्यावर गळणाऱ्या दानाचे आभार मानून गप्प बसणे हा विनय नव्हे, तो त्या अपराधातला वाटा आहे.